शाबास, पण पोट्टि कसली?

एका खलनायकाचं वाक्य तमिळ बोलण्यात म्हणीसारखं रुळलं आहे. ‘शभाष्! सरियान पोट्टि!’ म्हणजे शाबास, तोडीस तोड स्पर्धा! १९५८ च्या ‘वंजिकोट्टै वालिबन’मध्ये पद्मिनी आणि वैजयंतीमाला दरबारात समोरासमोर नाचतात आणि पी. एस. वीरप्पा त्याच्या गडगडाटी आवाजात ही दाद देतो. आजही दोन तुल्यबळ माणसं कुठेही भिडली, मग तो क्रिकेटचा सामना असो की निवडणूक, की कुणीतरी हे वाक्य काढतंच.

माझं लहानपण माटुंग्याच्या आसपास गेलं. अरोरा टॉकीजवर तमिळ सिनेमांची पोस्टरं लागायची आणि शेजारच्या मामींकडे सुट्टीच्या दिवशी जुने तमिळ सिनेमे व्हीसीआरवर चालायचे. हे गाणं लागलं की घरातल्या पुरुषांचे दोन तट पडायचे. पद्मिनी सरस की वैजयंती? मामी त्या वादात कधी पडल्या नाहीत. त्या टेप मागे घ्यायला लावायच्या आणि भलतंच काहीतरी दाखवायच्या. एक जण नाचत असताना दुसरी काय करतेय, ते. ‘अवळै पार,’ तिला बघ. तिची मान, तिच्या ओठाचा कोपरा, आता आपली पाळी येणार म्हणून तिनं घेतलेला श्वास.

मामींचं ते बघणं मला फार उशिरा कळलं. नृत्याची जुगलबंदी ही दोघींनी मिळून उभी करायची गोष्ट असते. समोरचीनं टाकलेला तुकडा दुसरीनं नेमक्या मात्रेवर उचलला नाही तर दोघींचा नाच पडतो. थांबलेलीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही तर नाचणारीची चमक वाया जाते. गाण्यातही तेच. पी. लीला आणि जिक्की या दोन गायिकांचे आवाज एकमेकींना डिवचतात आणि त्याच वेळी एकमेकींना जागाही करून देतात. आणि ही चाल बांधली कुणी, तर पुणतांब्याच्या चितळकरांनी, आपल्या सी. रामचंद्रांनी. अण्णांच्या ‘अलबेला’वर आपण मराठी माणसं भरभरून बोलतो, पण मद्रासमध्ये जेमिनी स्टुडिओसाठी त्यांनी केलेलं हे काम आपल्या आठवणीत फारसं नसतं. असो. मुद्दा असा की त्या स्पर्धेचा पडद्यावर निकालच लागत नाही. कुणीच हरत नाही. तरीही सहा दशकं आपण निकाल मागत बसलो आहोत.

माझी तक्रार या मागणीबद्दल आहे. तमिळ सिनेमाचा इतिहास जोड्यांनी सांगितला जातो. शिवाजी गणेशन–पद्मिनी, एमजीआर–सरोजादेवी, जेमिनी गणेशन–सावित्री. प्रत्येक जोडीत एक बाप्या हवाच. दोन नट्यांनी मिळून जे केलं त्याला एक तर नावच नाही, किंवा असलं तर ‘पोट्टि’. दोन नटांचा कस लागला की आपण त्याला अभिनयाची जुगलबंदी म्हणतो. दोन नट्यांचा लागला की सेटवर त्यांचं पटत होतं का, याची चौकशी सुरू होते. हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही. ज्या गोष्टीला नाव नसतं तिची मोजदाद होत नाही, तिचे महोत्सव होत नाहीत, तिच्यासाठी रिळं वाचवायलाही कुणी धावत नाही.

गंमत म्हणजे तमिळ भाषेकडे हे नाव दोन हजार वर्षांपासून आहे. संगम काळातल्या प्रेमकवितेत, ज्याला ते ‘अगम्’ म्हणतात, नायिकेच्या शेजारी ‘तोळि’ असते. तोळि म्हणजे सखी, बहुधा दाईची मुलगी. ती नुसती निरोप पोचवणारी नाही. कित्येक कविता तिच्याच तोंडी आहेत. नायकाला नायिकेपर्यंत पोचायचं तर आधी तोळिची मनधरणी करावी लागते, आणि ती त्याला सरळ सुनावते. कुणी काय बोलावं याचे संकेत तोल्काप्पियम या व्याकरणग्रंथात घालून दिले आहेत, त्यात तोळिच्या बोलण्यालाही जागा आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीतही सखीशी बोलणारी, सखीकडून बोलून घेणारी बाई पानोपानी भेटते. संगम कविता आणि आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथा यांचं नातं जॉर्ज हार्टसारख्या अभ्यासकांनी तपशिलात दाखवलं आहे. शिलप्पदिकारम् या महाकाव्यात कण्णगी आणि माधवी एकाच पुरुषाच्या आयुष्यात येतात. पण त्या काव्याचं पुढचं पान उघडा. ‘मणिमेकलै’ ही माधवीच्या मुलीची गोष्ट आहे, आणि ही मुलगी कण्णगीला आई मानते.

अशा परंपरेतून आलेल्या सिनेमानं तोळिचं काय केलं? सुरुवातीला बरं चाललं होतं. १९४१ चा ‘सावित्री’ घ्या. सत्यवानाची सावित्री झाली शांता आपटे, ‘कुंकू’तली आपली नीरा, खास या भूमिकेसाठी तमिळ शिकून. आणि नारद कोण? एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ‘कल्कि’ साप्ताहिक सुरू करायला पैसा हवा होता म्हणून एमेसनी ही भूमिका घेतली. विचार करा, एका बाजूला प्रभातच्या तालमीत तयार झालेली गायिका-नटी आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटक संगीतातला तो आवाज. नारद बाईनं करायचा यात तेव्हा कुणाला विचित्र वाटत नव्हतं. के. बी. सुंदरांबाळ यांनी १९३५ मध्येच नंदनार हा संत पडद्यावर साकारला होता. रंगभूमीवरून आलेली ही मोकळीक होती आणि तिच्यामुळे दोन बायका समोरासमोर उभ्या राहायला प्रेमाचा त्रिकोण लागत नव्हता.

पण या सगळ्यात मला जास्त बोलायचंय ते ललिता आणि पद्मिनीबद्दल. त्रावणकोरच्या या बहिणी, तिसरी रागिणी. उदयशंकरांचा ‘कल्पना’ मद्रासला जेमिनी स्टुडिओत चित्रित झाला, १९४८ मध्ये आला, त्यात या नाचल्या आणि मग मागणी सुरू झाली. चाळीसचं दशक संपता संपता तमिळ सिनेमात ‘ललिता-पद्मिनी’ हे जोडनाव होतं, एखाद्या मिठाईच्या दुकानासारखं. गोष्ट कसलीही असो, मध्येच या दोघींचा नाच यायचा. गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नसायचा आणि प्रेक्षकांना तसा संबंध नकोही असायचा. माझ्या समजुतीप्रमाणे तमिळ पडद्यावरची ही खरी नावाजलेली जोडी, आणि तिच्यात पुरुष नाही.

ही जोडी कशी फुटली ते बघण्यासारखं आहे. दोघींना नाचाबाहेरच्या भूमिका मिळू लागल्या तशी पद्मिनी नायिका झाली, आणि ललिता? १९५३ च्या ‘देवदास’मध्ये सावित्री पार्वती आहे आणि ललिता चंद्रमुखी. १९५४ च्या ‘तूक्कु तूक्कि’मध्ये शिवाजी गणेशनबरोबर तिघी बहिणी आहेत. त्यात पद्मिनी राजकन्या आणि ललिता बेइमान बायको. एकाच गुरूच्या पाटावर शिकलेले दोन सारखे देह, पण पटकथेनं एकीला देव्हाऱ्यात बसवलं आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर काढलं. नाचात दोघी एकमेकींची आरशातली प्रतिमा होत्या. कथेत त्या एकमेकींच्या विरुद्ध झाल्या. ‘पोट्टि’चा जन्म मला इथे दिसतो, चार वर्षांनी आलेल्या त्या दरबारात नव्हे.

पुढची पंधरा वर्षं तर दोन बायकांचीच. १९५९ चा, दिग्दर्शक म्हणून श्रीधरचा पहिला सिनेमा ‘कल्याण परिसु’ दोन बहिणींचा. धाकटी (बी. सरोजादेवी) आपलं प्रेम थोरलीसाठी (विजयकुमारी) सोडते. आपण हे हिंदीत ‘नजराना’ म्हणून पाहिलं. १९६१ च्या ‘पालुम पळमुम’मध्ये क्षयानं आजारलेली बायको (पुन्हा सरोजादेवी) निघून जाते, मेली असं समजून नवरा दुसरीशी (सौकार जानकी) लग्न करतो, आणि पहिली नर्स होऊन त्याच घरात परतते. हिंदीत ‘साथी’. १९६३ च्या ‘कर्पगम’मध्ये के. आर. विजया मरते आणि तिची मैत्रीण सावित्री तिच्या घरात, तिनं लेकरासारखा जीव लावलेल्या भाचीची आई म्हणून येते. १९६७ च्या ‘इरु मलर्गळ’मध्ये पद्मिनी आणि के. आर. विजया. नावाचा अर्थच दोन फुलं.

एवढ्या दोन-दोन बायका अचानक आल्या कुठून? मला यात कायद्याची सावली दिसते. मद्रास प्रांतात हिंदूंच्या द्विभार्येला १९४९ मध्ये बंदी आली, देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं. (मुंबई प्रांतात तर १९४६ मध्येच.) त्याआधी दोन बायका दाखवायला काही कारण लागत नव्हतं. राजा असला की झालं. आता एका घरात दोघींना आणायचं तर पटकथाकाराला घाम गाळावा लागे. क्षय, अपघात, लपवलेलं लग्न, मरणाची खोटी बातमी. प्रेक्षकाला जे कायद्यानं नाकारलं ते पडद्यावर हुळहुळत राहिलं, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

आणि हाच या लेखावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे, तो मला दडवायचा नाही. या सगळ्या कथा पुरुषाच्या सोयीच्या आहेत. दोघींपैकी एकीनं त्याग करायचा, नाही तर मरायचं, ही अट आधीच ठरलेली. ‘कल्याण परिसु’त शेवटी थोरली गेलेली असते आणि नायक आपलं मूल धाकटीला तिच्या लग्नात आहेर म्हणून देऊन चालता होतो. नावातला ‘परिसु’ तो. आधी पुरुष भेट म्हणून दिला, मग मूल. याला भागीदारी म्हणायचं? ज्या मैत्रिणी मला स्त्रीवादी नजरेनं सिनेमा बघायला शिकवतात त्या म्हणतात, तू सोन्याच्या बेडीचं नक्षीकाम बघत बसला आहेस.

त्यांचं निम्मं खरं आहे. पटकथेपुरतं पूर्ण खरं आहे. पण सिनेमा पटकथेवर संपत नाही. दोन चांगल्या नट्या एका चौकटीत उभ्या राहिल्या की कागदावर जे लिहिलेलं नसतं तेही तिथे घडतं. ज्या प्रसंगात कागदावर एक बाई दुसरीला ‘तू सुखी राहा’ म्हणते, तिथे दोन चेहऱ्यांवर संशय, राग, थकवा, लोभ आणि एकमेकींची पक्की ओळख हे सगळं एकदम दिसू शकतं. त्या वेळी मधला पुरुष दोघींना बोलायला मिळालेलं निमित्त उरतो. तमिळ सिनेमाच्या धंद्यात बायकांच्या प्रेक्षकवर्गाला एक शब्द होता, ‘ताय्कुलम’, मातृकुळ म्हणा. के. एस. गोपालकृष्णन, भीमसिंग यांचे सिनेमे या ताय्कुलमवर चालले. दुपारच्या खेळाला आलेल्या त्या बायका काय नवऱ्याची निवड बघायला येत होत्या? मला तरी वाटतं, त्या दुसऱ्या बाईशी कसं बोलायचं ते बघायला येत होत्या. जावेशी, नणंदेशी, सवतीशी, मेलेल्या मैत्रिणीच्या मुलाशी.

इथे एका पुरुषाचं कौतुक करायला हवं. वर आलेली नावं पुन्हा वाचा. ‘वंजिकोट्टै वालिबन’, ‘कल्याण परिसु’, ‘कर्पगम’ आणि पुढे येणारा ‘इरु कोडुगळ’. चारही सिनेमांचा नायक जेमिनी गणेशन. त्याला लोक ‘कादल मन्नन’, प्रेमाचा राजा म्हणत. पण त्याचा खरा गुण वेगळाच होता. त्याला चौकटीत लहान होता यायचं. एमजीआरच्या सिनेमात नायिका नायकाकडे बघते, बाकी कुणाकडे बघायला तिला फुरसत कुठली? जेमिनी मात्र बाजूला, जरासा ओशाळलेला उभा राहतो, आणि दोन बायकांना अख्खा पडदा मोकळा मिळतो. नटानं कमी जागा घेणं ही कला आहे आणि तिला कुणी पारितोषिक दिल्याचं मला आठवत नाही.

आणि सौकार जानकी! नावातलं ‘सौकार’ म्हणजे आपलं सावकार. नायिका म्हणून तिचा पहिला तेलुगू सिनेमा ‘शावुकारु’, १९५० चा, तो नावाला चिकटला तो कायमचा. तिला २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. उशीर झाला, पण निदान ती ते बघायला होती. माझ्या मते समोरच्या बाईला खुलवण्यात तिचा हात धरणारी दुसरी कुणी झाली नाही. ‘पालुम पळमुम’मध्ये ती दुसरी बायको आहे, १९६४ च्या ‘पुदिय परवै’मध्ये नायकाच्या मानगुटीवर बसलेली पहिली बायको. समोर दोन्ही वेळा सरोजादेवी. एकीची गोड, नाचरी बोली आणि दुसरीचं धारदार, शहरी बोलणं. सरोजादेवी जानकीसमोर जेवढी खरी वाटते तेवढी एमजीआरसमोर मला कधी वाटली नाही. हे माझं मत आहे, यावरून माटुंग्यात मार खाण्याची माझी तयारी आहे.

१९६९ च्या ‘इरु कोडुगळ’मध्ये के. बालचंदरनं जानकीला जिल्हाधिकारी केलं. तिच्याच कचेरीत तिचा पूर्वीचा नवरा कारकून आहे आणि त्याच्या घरी दुसरी बायको, जयंती. ‘दोन रेघा’ हे नाव आपल्याला लगेच कळतं, कारण बिरबलाची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक पोराला माहीत असते. रेघ न पुसता लहान कशी करायची? शेजारी मोठी रेघ ओढून. यातलं पी. सुशीला आणि के. जमुना राणी यांचं द्वंद्वगीत ऐका. कृष्ण, रुक्मिणी आणि भामा यांच्या आडून दोघी एकमेकींना चिमटे काढतात, हसत हसत, पाहुणचाराच्या रीतीनं. एक शब्द चढा नाही. पारिजातकाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला त्यातला प्रत्येक टोमणा उलगडेल. हाच सिनेमा हिंदीत ‘संजोग’ झाला. अमिताभ होता, माला सिन्हा होती, तरी त्या दोन रेघांमधलं अंतर काही साधलं नाही.

बालचंदरनंच दोन वर्षं आधी दाखवून दिलं होतं की सामायिक नवऱ्यावाचूनही हे जमतं. १९६७ चा ‘भामा विजयम’ म्हणजे एका घरातल्या तीन सुना आणि शेजारी राहायला आलेली सिनेनटी. सौकार जानकी, कांचना, जयंती, आणि नटी राजश्री. नटीवर छाप पाडायला तिघी घर सजवतात, कर्ज काढतात, खोटं बोलतात. ‘वरवु एट्टणा, सेलवु पत्तणा’ हे त्यातलं गाणं, म्हणजे आवक आठ आणे, जावक दहा आणे. हो, तेच. हिंदीत ‘आमदनी अठन्नी, खर्चा रुपैया’. या सिनेमाच्या हिंदी अवतारात, ‘तीन बहुरानियाँ’त, तिन्ही सुना त्याच राहिल्या. तीन नवऱ्यांत एक आपले रमेश देव होते आणि शेजारच्या नटीच्या भूमिकेत आपल्या सोलापूरच्या शशिकला. आपण ते गाणं महिनाअखेरीला म्हणतो, पण त्यातल्या तीन नट्यांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत. विनोदाची वेळ साधणं हे तर निव्वळ सांघिक काम. एक जण अर्धा क्षण आधी बोलली तर दुसरीचं हसू मेलं.

सत्तरच्या दशकात पडदा पुन्हा नायकाभोवती गोळा होऊ लागला. चाहता मंडळं, कटआउट, नायकाच्या प्रवेशाला शिट्ट्या. ताय्कुलम हळूहळू घरी बसली आणि पुढे दूरदर्शन संचाकडे वळली. दोन बायकांचा समोरासमोरचा प्रसंग मालिकांत गेला, तोही सर्वांत स्वस्त रूपात, तीनदा मान वळवून दाखवत. आजच्या ‘पॅन-इंडिया’ म्हणवणाऱ्या बड्या सिनेमांत दोन नायिका एका चौकटीत किती मिनिटं असतात, ते घड्याळ लावून बघा. बघायला फार वेळ लागणार नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. चित्रपट महोत्सवांत नटाच्या जन्मशताब्दीचे विभाग होतात, दिग्दर्शकांचे होतात. एकदा ‘दोघी’ असा विभाग करा. ललिता-पद्मिनीचे विखुरलेले नाच एकत्र दाखवा. ‘सावित्री’मधले शांता आपटे आणि एमेस यांचे जेवढे तुकडे, ध्वनिमुद्रिका, छायाचित्रं हाती लागतील तेवढी मांडा, पुण्यात आणि चेन्नईत, दोन्हीकडे. ओटीटीवर जुना सिनेमा चढवताना नावांच्या यादीत नायकाखाली एकच नायिका टाकायची सवय मोडा. आणि त्या दरबारातल्या नाचाचं शीर्षक दर वेळी ‘महामुकाबला’ ठेवू नका.

बालचंदरचा १९७७ चा ‘अवर्गळ’ हा या विभागाचा शेवटचा खेळ असावा. नावाचा अर्थ ‘ते लोक’. सुजाताच्या आयुष्यात तीन पुरुष आहेत, रजनीकांत, कमल हासन आणि रविकुमार, आणि तिघांपैकी कुणाचंही काही जमत नाही. तिच्या घरात एक म्हातारी मोलकरीण म्हणून राबते आहे, ती खरं तर तिच्या छळणाऱ्या नवऱ्याची आई. मुलानं जे केलं ते भरून काढायला, ओळख न देता आलेली. शेवटी सुजाता सगळं सोडून गाडीत बसते, आणि तिच्यासोबत गाडीत ती सासू असते.